फेस बसेपर्यंत

(ब्राह्मीच्या औषधी तुपावरच्या माहितीपटाचं निवेदन)

नागपूर, इतवारी. किराणा ओळीत पोती उघडली की आधी वेखंडाचा वास येतो.

हातावरची ही दोन पानं नीट पाहा. गोल, दातेरी कडेचं, लांब देठाचं पान मंडूकपर्णीचं. ती कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरं बारीक, मांसल, देठ जवळजवळ नसलेलं. ती खरी ब्राह्मी, जलनीम. बाजारात दोघींनाही ब्राह्मीच म्हणतात, म्हणून वैद्य पान चुरगळून बघितल्याशिवाय माल घेत नाहीत.

चरकसंहितेत बुद्धी आणि स्मृतीसाठी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. ब्राह्मी घृत येतं ते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या चिकित्सेत.

ते तूप आता वैद्यांच्या अंगणात चुलीवर चढलंय. वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी वाटून केलेला कल्क एक भाग, तूप चार भाग, ब्राह्मीचा रस सोळा भाग. आच मंद. कढईला हिरवा फेस येतो, चढतो, फुटतो. वैद्य पळी फिरवत राहतात. इथे घाई केली की कल्क करपतो आणि सगळंच वाया.

फेस बसला! तेलाच्या पाकात शेवटी फेस येतो, तुपाच्या पाकात शेवटी बसतो. आता चिमूटभर कल्क बोटांत वळायचा. वात होते. ती विस्तवावर धरली... आवाज नाही. तडतडली असती तर पाणी उरलेलं असतं. इतकी काटेकोर परीक्षा असलेल्या विद्येला 'आजीबाईचा बटवा' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

ब्राह्मीतल्या बॅकोसाइड या घटकावर संशोधन झालंय. निरोगी माणसांना बारा आठवडे अर्क दिल्यावर काही चाचण्यांत स्मरण थोडं सुधारलेलं दिसलं. त्या चाचण्या अर्काच्या होत्या, या तुपाच्या नव्हेत. अल्झायमर बरा होतो असा पुरावा नाही, चालू गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पण अल्झायमरसाठी दिलं जाणारं गॅलँटामाइन मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातच सापडलं, आणि 2001 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तशाच कसून चाचण्या या कढईतल्या तुपाच्याही व्हायला हव्यात.

नागपूरच्याच महाल भागातलं घर. कोमट दूध, चमचाभर तूप. सून चमचा पुढे करते.

"तू जेवली का?" आजी विचारतात. सकाळपासून तिसऱ्यांदा.

(इथून पुढे निवेदन नाही.)