ल्युकेमियाच्या पेशी बोन मॅरोत लपतात कशा?

मायक्रोस्कोपखाली ही बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची स्लाइड बघा. जांभळ्या, मोठ्या गोल पेशी दिसतायत ना, ज्यात न्यूक्लियसनेच जवळपास सगळी जागा खाल्लीय, त्या ब्लास्ट, म्हणजे नीट न वाढलेल्या पेशी. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष यांच्यावरच. पण आपल्याला बघायचाय तो यांचा शेजार, जो या स्लाइडवर धड दिसतही नाही.

शरीरात दर सेकंदाला 20 लाखांच्या वर लाल पेशी बनतात, त्या सगळ्यांचं मूळ मोजक्या स्टेम सेल्समध्ये, म्हणजे रक्ताच्या सगळ्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये, आणि त्या काही मॅरोत मोकाट फिरत नसतात. रक्तवाहिन्यांना लागून असलेल्या स्ट्रोमल सेल्स, म्हणजे मॅरोतल्या आधार देणाऱ्या पेशी, सीएक्ससीएल12 नावाचं प्रोटीन सोडतात, स्टेम सेलवर ते ओळखणारा रिसेप्टर असतो, त्या ओढीने ती तिथंच थांबते आणि बराच काळ शांत पडून राहते. या जागेला निश म्हणतात, ही कल्पना रे स्कोफील्ड यांनी 1978 मध्ये मांडली.

आता घोळ असा की ल्युकेमियाच्या बऱ्याच पेशींवरही तोच रिसेप्टर असतो. मग त्या त्याच जागेत शिरतात, बस्तान बसवतात आणि पोटभाडेकरूने घरमालकालाच बाहेर काढावं तसं चांगल्या स्टेम सेल्सना हुसकावतात, म्हणून तर पेशंटचं हिमोग्लोबिन उतरतं, प्लेटलेट्स उतरतात. केमोचा मारा मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींवर, निशला चिकटून झोपलेल्या काही त्यातून सुटतात. काही तर शेजारच्या स्ट्रोमल सेल्सकडून मायटोकॉन्ड्रिया उचलतात, म्हणजे पॉवर सप्लायसुद्धा फुकट! रिपोर्ट क्लिअर येतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि काही महिन्यांनी तोच आजार परत.

2010 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग आला, त्यात रक्तपेशींना हातही लावला नव्हता, फक्त हाड बनवणाऱ्या पेशींमधला डायसर1 हा जीन काढला, तरी रक्त बिघडलं आणि काही उंदरांना ल्युकेमिया झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, माणसात सुरुवात सहसा रक्तपेशीतल्या म्युटेशननेच होते, तरी शेजार अगदीच निर्दोष नाही एवढं मान्य करावं लागतं.

मग ल्युकेमियाच्या पेशींना निशमधून बाहेरच काढलं तर? प्लेरिक्साफॉर नावाचं औषध सीएक्ससीएल12 ओळखणारा तो रिसेप्टर ब्लॉक करतं, ट्रान्सप्लांटसाठी स्टेम सेल्स रक्तात आणायला ते वापरतात, अमेरिकेत 2008 मध्ये मंजूर झालं. ल्युकेमियातही केमोसोबत देऊन पाहिलंय, पेशी रक्तात येतातही, पण सोबत चांगल्या स्टेम सेल्सही येतात, आणि मॅरोत धरून ठेवणारे हुक बरेच आहेत, एक सोडवला तरी बाकीचे आहेतच.