जाळी नसलेली वाडी

(दृश्य: घोडबंदर रस्ता, मेट्रोचे खांब, मागे डोंगर)

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघून कासारवडवली मागे टाकली की ओवळं येतं. हमरस्ता सोडून गावाकडे वळलं, की समोर येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. पायथ्याला ओवळेकर वाडी. एका शिक्षकाने घरच्या साधारण दोन एकर जमिनीवर वाढवलेली फुलपाखरांची बाग. वर जाळी नाही, भोवती काच नाही. इथे दिसणारं प्रत्येक फुलपाखरू आपणहून आलेलं असतं आणि मनात आलं की डोंगरात निघून जातं.

(दृश्य: गुडघ्यांवर बसलेली कॅमेरेवाली मंडळी)

ऑक्टोबरमधलं कोवळं ऊन. फोटो काढणारे याच उन्हासाठी लवकर येतात. अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही; पंख पसरून ते ऊन खात बसतं आणि तेवढा वेळ जागचं हलत नाही. तेवढ्यात खाली बसायचं, लेन्स पंखांना समांतर धरायची, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. मोबाइल असला तरी नियम तेच. चिमटीत धरून पानावर ठेवलेल्या फुलपाखराचा फोटो या मंडळींत कुणी फोटो मानत नाही, आणि तेच बरोबर आहे.

(दृश्य: वाळक्या काड्यांवर फुलपाखरांचा घोळका)

हा घोळका बघा. एकही फूल नाही, तरी हबशी आणि कडवे ही फुलपाखरं चिकटून बसलीत. झाड खुळखुळ्याचं. मोडलेल्या, वाळलेल्या फांदीतून नर काही विषारी द्रव्यं शोषतात आणि त्यातूनच मादीला भुलवणारा गंध तयार करतात. मोकळ्या प्लॉटवर हेच झाड दिसलं, की आपण तण म्हणून उपटतो.

(दृश्य: कढीपत्ता, पानाखालचं अंडं, मग अळी, जवळून)

खरी गर्दी मात्र कढीपत्त्याशी. पानाखाली मोहरीहूनही लहान अंडं. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंग बाहेर येतं, त्याला उग्र वास असतो. ही अळी बहुरूपी नावाच्या फुलपाखराची.

(दृश्य: घाणेरीवर दोन फुलपाखरं, एकाच चौकटीत)

आता या दोघी. काळे पंख, पांढरे ठिपके, कडेला लाल. डावीकडची कॉमन रोज. तिची अळी सापसणीची विषारी पानं खाऊन वाढते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. उजवीकडची बहुरूपीची मादी. तिच्यात विष नाही, फक्त सोंग आहे. ओळखायचं कसं? पंख सोडा, अंग बघा. कॉमन रोजचं अंग लाल, बहुरूपीचं काळं. अशी चौकट मिळायला नशीब लागतं. आज ती मिळाली.

(दृश्य: नीलवंत, संथ गतीत)

हा नीलवंत. २०१५ मध्ये महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते.

(दृश्य: नव्या संकुलाचं हिरवळीचं आवार)

घोडबंदरच्या नव्या आवारांत हिरवळ आहे, शोभेची झाडं आहेत, पण अंडी घालायला पान सापडत नाही आणि फवारणी होते ती वेगळीच.

(दृश्य: गॅलरीतली कुंडी)

गॅलरीतल्या कढीपत्त्यावरही बहुरूपीची मादी अंडी घालते. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका. अळ्या पंधरा-वीस दिवसांत कोषात जातात, कढीपत्ता पुन्हा फुटतो.