गिळणं, हादडणं आणि इंग्रजीतला लांडगा

श्रोतेहो, नमस्कार.

गेली काही वर्षं मी परदेशी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिते. पडद्याच्या तळाशी येतात आणि वाचून होण्याआधीच जातात, त्या दोन ओळी. ह्या कामात शब्द नुसता आवडून चालत नाही, तो तिथे मावावा लागतो. मागच्या पावसाळ्यात एका भागात एक आई जेवणाच्या टेबलाशी मुलावर ओरडते, "डोन्ट वुल्फ इट डाउन!" म्हणजे शब्दशः, लांडग्यासारखं गिळू नकोस. मुलाने दोन्ही हातांनी बर्गर दाबून धरलाय, सॉस कोपरापर्यंत ओघळलाय. मी लिहून टाकलं, 'अधाशासारखं खाऊ नकोस.' तपासणाऱ्या बाईंनी फाइल परत पाठवली. शेरा होता, "ह्या भागात हे तिसऱ्यांदा आलंय." बघितलं तर खरंच. आधी कुणीतरी 'गॉर्ज' केलं होतं, कुणीतरी 'बिंज', दोन्ही अति खाण्याचेच शब्द, आणि मी तिघांनाही एकाच दावणीला बांधून मोकळी झाले होते.

आता मराठीत काय शब्दांचा तोटा आहे? हादडणं, चापणं, चेपणं, ओरपणं, बोकाणा भरणं, ताव मारणं, आडवा हात मारणं, जिलब्यांचा फन्ना उडवणं. पण कुठल्या इंग्रजी शब्दासमोर कुठला मराठी पाट मांडायचा, हे ठरवायला त्या शब्दांचं कूळ माहीत हवं. मग काय, ती रात्र शब्दकोशात गेली.

बहुतेकांचा पत्ता एकच निघाला, घसा. 'गॉर्ज' म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये घसाच. ससाणे पाळणाऱ्यांच्या तोंडी तो ससाण्याच्या गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी झाला. पोटभर मांस मिळालं की ती पिशवी टम्म फुगते, आणि मग धन्याने कितीही हुसकावलं तरी पक्षी शिकारीमागे जात नाही. डोंगरातल्या अरुंद घळीला इंग्रजीत 'गॉर्ज' म्हणतात, तोही डोंगराचा घसाच. 'ग्लटन', म्हणजे खादाड, हा लॅटिनमधल्या 'गिळणे' ह्या क्रियापदावरून आला. आणि 'डिव्हावर'? त्याच्या पोटात लॅटिन 'व्होरारे' आहे, अर्थ पुन्हा गिळणेच. गंमत म्हणजे हे 'व्होरारे' आणि संस्कृतातला 'गृ' हा धातू एकाच प्राचीन मुळातून फुटलेत. त्या 'गृ'वरून 'गिलति', आणि 'गिलति'वरून आपलं 'गिळणं'. म्हणजे 'डिव्हावर' आणि 'गिळणं' ही दूरची का होईना, पण सख्ख्या रक्ताची भावंडं. रात्री दीड वाजता हे वाचलं आणि कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं. घरचे झोपले होते, ते वाचले.

घशाच्या ह्या शब्दांवर इंग्रजीत पाद्र्यांची नजर आहे, आणि ती चांगली करडी आहे. 'ग्लटनी' हे ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापातकांपैकी एक. सहाव्या शतकाच्या शेवटी रोमला ग्रेगरी नावाचे पोप होते. खादाडपणाचे पाच प्रकार त्यांच्या नावावर सांगितले जातात. वेळेआधी खाणं, महागामोलाचं खाणं, फार खाणं, तुटून पडून खाणं आणि पाचवा प्रकार म्हणजे खाण्याचे फार चोचले करणं. ह्या हिशेबाने, दोनच घास खाणारा पण आमटीत गूळ कमी पडला म्हणून वाटी बाजूला सारणारा माणूसही पापी! असे निदान तीन पापी माझ्या माहेरी आहेत.

आपले षड्रिपू आठवून बघा. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. त्यांच्या सातांशी आपले पाच जवळजवळ जुळतात. त्यांच्याकडे उरतात खादाडपणा आणि आळस, आपल्याकडे उरतो मोह. खाण्याला आपण स्वतंत्र शत्रू मानलंच नाही. मला वाटतं, म्हणूनच 'हादडणं' म्हणताना आपल्या आवाजात हसू येतं. पंगतीत वाढणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे तो.

बरं, माणसाला नावं ठेवायची तर इंग्रजी जनावरं हाताशी धरते. लांडगा आहे, डुक्कर आहे, आणि एक पक्षीही आहे, 'कॉर्मोरंट'. हे नाव लॅटिनमधल्या 'समुद्री कावळा' ह्या दोन शब्दांचं मिळून झालेलं. आपण त्याच पक्ष्याला काय म्हणतो? पाणकावळा! दोन्हीकडच्या लोकांनी काळा पक्षी पाण्यात बघितला आणि एकच नाव ठेवलं. पण इंग्रजीत 'कॉर्मोरंट' हे हावरट माणसाचंही नाव झालं. शेक्सपिअर काळालाच कॉर्मोरंटसारखा सगळं गिळणारा म्हणतो. आपल्या पाणकावळ्याला हा आळ लागला नाही. तो तलावाकाठी पंख पसरून निवांत वाळत बसतो.

सगळ्यात अन्याय झाला तो वुल्व्हरिनवर. उत्तरेच्या थंड जंगलातला, आपल्या पाणमांजराच्या कुळातला हा दांडगा प्राणी. नॉर्वेच्या लोकांनी त्याला 'डोंगरी मांजर' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. ते जर्मनांच्या कानी पडलं 'फीलफ्रास', म्हणजे 'पुष्कळ खाणारा', असं भाषेचे अभ्यासक मानतात. झालं, नाव पडलं ते पडलंच. 1555 साली ओलाउस मॅग्नुस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूंनी उत्तरेकडच्या लोकांविषयी मोठा ग्रंथ छापला. त्यात ते सांगतात, की हा प्राणी पोटाचा नगारा होईपर्यंत मढं खातो, मग दोन झाडांच्या फटीत स्वतःला दाबून घेऊन पोट रिकामं करतो आणि पुन्हा खायला येतो. सोबत तसं चित्रही! प्रत्यक्षात बिचारा हिवाळ्याची बेगमी म्हणून मांस बर्फात पुरून ठेवतो. पण शास्त्रीय नावातही तो 'गुलो गुलो' झाला. लॅटिनमध्ये 'गुलो' म्हणजे खादाड. एकदा म्हणून भागलं नाही, दोनदा.

अति खाण्याला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, 'सर्फिट'. मूळ फ्रेंच अर्थ सरळ आहे, जरुरीपेक्षा जास्त करणं. हा शब्द इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाला कायमचा चिकटलाय. 1135 साली हा राजा नॉर्मंडीत होता. त्याला लॅम्प्रे फार आवडायचे. लॅम्प्रे म्हणजे वामासारखा लांबुळका, जबडाच नसलेला जलचर. ते त्याला सोसत नसत, वैद्याने बजावलं होतं, तरी खाल्ले आणि गेला, असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. मागे गादीसाठी भाचा आणि मुलगी यांच्यात वर्षानुवर्षं लढाया चालल्या.

'बिंज' मात्र घशातून आला नाही, की जंगलातूनही नाही. इंग्लंडच्या खेड्यातल्या बोलीत 'बिंज' म्हणजे लाकडी भांडं पाण्यात भिजवून फुगवणं. कोरडं पडलेलं लाकडी पिंप गळतं. पाणी भरून ठेवलं की फळ्या पाणी पितात, फुगतात आणि फटी बुजतात. तिथून तो गुत्त्यात गेला. 1854 च्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या बोलीकोशात दारूने स्वतःला 'बिंज' करून घेणारा माणूस सापडतो. मग दारूवरून शब्द खाण्यावर आला आणि 2013 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत 'बिंज ईटिंग' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. दोनच वर्षांनी 'बिंज-वॉच' हा कॉलिन्स शब्दकोशाचा वर्षाचा शब्द ठरला. ज्या मालिकांच्या ओळी मी लिहिते, त्या लोक एका बैठकीत अशाच फस्त करतात, तेव्हा मी तक्रार कुठल्या तोंडाने करू?

पहाटे फाइल पुन्हा उघडली. 'गॉर्ज' करणाऱ्या काकांना 'आडवा हात मारला' दिलं. 'बिंज' करणारी मुलगी रात्री फ्रिजसमोर एकटीच बसून खात होती. तिथे हादडणं, चापणं काहीच शोभेना. 'खातच सुटले' एवढंच लिहिलं.

राहिला लांडगा. आईच्या तोंडी लांडगा घालायचा तर मराठी मूल आधी टेबलाखाली बघेल. ओळ दोन सेकंदांची. मी लिहिलं, 'चावून खा. गिळू नकोस.'

बाईंनी ह्या वेळी शेरा मारला नाही.