आजचा विषय, आजची रेकॉर्ड
(फोंडा येथे संगीतप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रोज एक विषय द्यायचा आणि प्रत्येकानं त्या विषयाला साजेसा एक अल्बम सुचवायचा, हा उपक्रम आता बऱ्याच ग्रुपांत चालतो. आठवडाभर उत्साह असतो, मग तीच ती पाच-सहा नावं फिरू लागतात. दोष सुचवणाऱ्यांचा नसतो, विषय ठरवण्याच्या पद्धतीचा असतो.

विषय 'पाऊस' असा दिला की लोक शीर्षकात पाऊस शोधतात. कुठल्याही अल्बममधलं एखादं गाणं पावसावरचं निघतंच, मग तो अल्बम पुढे येतो. पण आपण गाणं मागितलेलं नाही, अल्बम मागितला आहे. विषयाचं उत्तर अल्बमच्या घडणीत सापडलं पाहिजे: रागांच्या निवडीत, दोन बाजूंच्या मांडणीत, साथीत, ध्वनिमुद्रणात.

किशोरी आमोणकरांच्या दोन एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकड्या, घ्या. 1967 सालच्या एलपीवर एका बाजूला जौनपुरी आहे, दुसऱ्या बाजूला पटबिहाग. जौनपुरी दिवसाच्या दुसऱ्या प्रहराचा, पटबिहाग रात्रीचा. 1971 सालच्या एलपीवर भूप आणि बागेश्री. दोन्ही रात्रीचेच, भूप पहिल्या प्रहराचा, बागेश्री त्यानंतरचा. आता विषय 'रात्र' असेल तर पहिली एलपी अर्धीच बसते, दुसरी पूर्ण बसते. तीच पहिली एलपी 'दोन बाजू, दोन स्वभाव' या विषयाला मात्र चपखल. गायिका तीच, तरी रेकॉर्ड बदलली की उत्तर बदलतं. असा फरक ज्या विषयामुळे ऐकू येतो, तो विषय चांगला.

'पहाट' या विषयाला 'कॉल ऑफ द व्हॅली' हमखास येतो. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा 1967 सालचा हा अल्बम अहिर भैरव या सकाळच्या रागानं उघडतो, हे खरं. पण त्याची कल्पना आहे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस. तो 'सकाळ ते रात्र' या विषयाखाली ठेवा, 'पहाट'खाली ठेवलात तर त्याचा एक तुकडाच वापरला जातो.

नाट्यसंगीताची अडचण वेगळी आहे. आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेलं 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 सालचं. 'वाद' या विषयाला याच्याइतकं नेमकं उत्तर शोधून सापडणार नाही, कारण दोन घराण्यांचा झगडा चालींतच ऐकू येतो. मात्र ध्वनिमुद्रिकेवरचा पदांचा क्रम नाटकातलाच असेल असं धरून चालू नका. संहिता जवळ ठेवून नाटकाच्या क्रमानं एकदा ऐका, मगच सुचवा.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना 'अल्बम' कसं म्हणायचं, हा प्रश्न गोव्यात टाळताच येत नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या गायिकांचं जुनं मुद्रित गाणं बरंचसं त्या काळातलं. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात राग मांडायचा म्हणजे विस्तार नाही, अर्क. माझा नियम असा: एकाच गायिकेच्या दोन तबकड्या, म्हणजे चार बाजू, हा एक अल्बम धरायचा. नंतर निघालेली 'सर्वोत्कृष्ट' संकलनं मात्र नकोत. त्यांत क्रम कंपनीचा असतो, काळ सरमिसळ झालेला असतो.

या तबकड्यांच्या वेगाकडेही लक्ष हवं. जुन्या काळी सगळ्या कंपन्या नेमक्या 78 वर मुद्रण करत नसत. 80 फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी 78 वर वाजवली की स्वर जवळजवळ पाव सुरानं उतरतो. इंटरनेटवरच्या अनेक प्रतींत हे झालेलं असतं. म्हणून एका प्रतीवरून 'बाईंनी इथे काळी चार (पेटीवरची पट्टी) धरली आहे' असं छातीठोकपणे लिहू नये.

नोंदीत साल लिहिताना तर हमखास घोळ होतो. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेली. लोकांना त्या तबकडीची विनाइल प्रत विकत मिळाली 2017 साली. भैरवीचं मूळ मुद्रण 1977 च्या कितीतरी आधीचं. म्हणून नोंदीत मुद्रणाचं आणि प्रकाशनाचं साल वेगवेगळं लिहा. कलाकार, साथीदार, कंपनी आणि एकूण मिनिटंही लिहा. त्याखाली तीनच ओळी: विषयाशी नातं कुठे आहे आणि सुरुवात कुठल्या बाजूनं करावी. 'अप्रतिम', 'अंगावर काटा' हे शब्द त्या तीन ओळींत नकोत.

विषय आदल्या रात्री आठला जाहीर करा, नोंदी दुसऱ्या रात्रीपर्यंत घ्या. सकाळी विषय दिला की लोक कामाच्या गडबडीत आठवणीतून उत्तर देतात, आणि आठवणीत सगळ्यांच्या तेच असतं. अटी दोनच ठेवा: सुचवलेली रेकॉर्ड याच आठवड्यात पूर्ण ऐकलेली हवी. एक कलाकार एका व्यक्तीकडून महिन्यात दोनदाच.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी शफल बंद करावं. एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळण्याची सोयही बंद, नाहीतर विलंबिताची, म्हणजे संथ भागाची, शेवटची सम द्रुताच्या, म्हणजे जलद भागाच्या, मुखड्याखाली गाडली जाते. सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणारी सोय आलापाला उगाच मोठा करते, तीही नको.

कॅसेटवाल्यांना एक वेगळा इशारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून फीत दिसते, ती आधी बघून घ्या. बुरशीची कॅसेट डेकमध्ये गेली की घाण हेडवर बसते आणि मागून येणाऱ्या चांगल्या कॅसेटलाही लागते. बुरशी साफ होईपर्यंत ती कॅसेट वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा.

आणि एकाच दिवशी दोघांनी तीच रेकॉर्ड सुचवली तर कुणाची नोंद काढू नका. पहिल्यानं पहिल्या बाजूवर लिहिलं असेल, तर दुसऱ्याला दुसऱ्या बाजूवर लिहायला सांगा.