रूळ कापण्याआधी

[दृश्य: रविवार सकाळ. माटुंगा स्थानकावरची घोषणा, फलाटावर ताटकळलेले प्रवासी.]

माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाऊन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. रविवारच्या मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याचं, हे वेळापत्रक मध्य रेल्वेच्या प्रवाशाला तोंडपाठ असतं. त्याच्यासाठी तो म्हणजे धिम्या मार्गावरची चेंगराचेंगरी, लग्नाला उशीर आणि रेल्वेच्या नावाने दोन शब्द.

[दृश्य: रुळांच्या कडेला उभी गँग. वर ओव्हरहेड वायर.]

रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या इंजिनिअरचं गणित निराळं. कागदावर पाच तासांना दहा मिनिटं कमी. त्यातून आधी ओव्हरहेड वायरचा २५ हजार व्होल्टचा पुरवठा बंद व्हायचा, वायरला अर्थिंग लागायचं, म्हणजे ती जमिनीशी जोडून निर्धोक करायची, कामाचा परवाना हातात पडायचा. शेवटी माणसं आणि हत्यारं मोजून बाहेर काढायची. मधे उरेल तेवढाच वेळ कामाचा.

पदवी घेऊन नव्याने इथे आलेल्याला वाटतं, आता कुणीतरी अवघड काही विचारेल. प्रश्न येतो तो असा: पोर्शन कुठला आणलाय? ५२ चा की ६० चा?

रूळ ओळखला जातो तो एका मीटरच्या वजनावरून, ५२ किलो किंवा ६० किलो. दोन रूळ थर्मिट वेल्डिंगने, म्हणजे वितळलेलं लोखंड सांध्यात ओतून जोडताना जे मिश्रण पेटवतात, तो पोर्शन. आणि तो रुळाप्रमाणे बदलतो. साचेही त्याच मापाचे लागतात, आणि कोरडे. साचा दमट असेल तर वेल्डमध्ये वायूची भोकं राहतात. मुंबईच्या हवेत साचे कोरडे ठेवणं हे वेगळंच एक काम आहे, आणि ते काही कुठल्या परीक्षेत येत नाही. पोर्शन, साचे, तापवायचा बर्नर, जोडायच्या तुकड्याची लांबी, वेल्ड बिघडलाच तर तात्पुरता आधार द्यायला फिशप्लेट. हे सगळं शनिवारी हात लावून बघायचं असतं. गोदामात आहे असं फोनवर कळणं वेगळं.

आणि मग घड्याळ. तुकडा बदलायला एकदा रूळ कापला की मागे फिरता येत नाही. म्हणून किती वाजेपर्यंत कापायचा हे आदल्या दिवशीच ठरवावं लागतं. परवाना उशिरा मिळाला, ती वेळ टळली, तर रूळ कापायचाच नाही. सामान उचलायचं आणि परत यायचं. तरुणांना यात कमीपणा वाटतो. आमच्या मते तयारीतला सगळ्यात कठीण भाग हाच: कुठे थांबायचं ते डोकं थंड असताना ठरवणं. ‘बघू, होऊन जाईल’ म्हणणारा माणूस चहाच्या टपरीवर ठीक असतो.

[दृश्य: सीएसएमटी आणि मस्जिद दरम्यानचे रूळ.]

१९ नोव्हेंबर २०२२, रात्री ११. इथला कर्नाक पूल, १८६८ सालचा, पाडायला घेतला. मथळ्यांत आला तो २७ तासांचा ब्लॉक. पण सगळ्या मार्गांना २७ तास नव्हते. मेन लाइनला १७, हार्बरला २१, सातव्या मार्गिकेला आणि यार्डाला २७. म्हणजे मार्ग एकेक करून मोकळे करायचे होते. लोखंडाचा कुठला भाग आधी उचलायचा, क्रेन कुठे उभी राहणार, हे गॅस कटर पेटण्याआधीच ठरलेलं हवं. त्याच जागेवरचा नवा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला.

समुद्रात ब्लॉक द्यायलाही कुणी नसतं. २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे कोस्टल रोड आणि वरळीचा सी लिंक यांना जोडणारा १३६ मीटर लांबीचा, सुमारे २ हजार टनांचा कमानी गर्डर तराफ्यावरून आणून बसवला. तिथे वेळ ठरवली ती भरती-ओहोटीने आणि वाऱ्याने.

[दृश्य: अंधेरी, गोखले पूल.]

आधी न ठरवल्याने उलटंही घडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्यापेक्षा सुमारे दीड मीटर खाली राहिला. रेल्वेवरून जाणारा नवा पूल जास्त उंचीचा झाला होता. शेवटी व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या मार्गदर्शनाखाली जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला, आणि जुलैत दोन्ही जोडले गेले. उचलण्याचं काम देखणं झालं, यात वाद नाही. पण दोन पुलांच्या उंचीचे आकडे एका टेबलावर आधी आले असते, तर ते करायची वेळच आली नसती.

[दृश्य: इंजिनिअरच्या हातातली वही.]

नव्या इंजिनिअरने सुरुवातीपासून एक वही ठेवावी. पुरवठा बंद व्हायला किती मिनिटं लागली, परवाना कधी आला, वेल्ड थंड व्हायला किती वेळ गेला, कुठलं हत्यार ऐनवेळी सापडलं नाही. लिहायचं ते ब्लॉक संपल्यावर लगेच, जेवायच्या आधी. नंतर आकडे आपल्या सोयीचे होतात. पुढच्या कामासाठी चार तास मागायचे की पाच, ते या वहीवरून मागायचं.