कार्टूनला गोष्टीची लाज का वाटायला लागली?

(सांगलीत एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय कार्टूनचा आहे, पण मी तो गंभीरपणेच मांडणार आहे, कारण आपल्या घरातली पोरं ज्या गोष्टी बघत मोठी होतात त्या गोष्टी कशा सांगितल्या जातायत हे आपण बघायलाच पाहिजे.

गेल्या काही वर्षांत जुनी कार्टून नव्यानं काढायची लाटच आलीय. 2013 ला टीन टायटन्स गो, 2016 ला पॉवरपफ गर्ल्स, 2017 ला डकटेल्स, 2020 ला थंडरकॅट्स रोअर, 2023 ला स्कूबी डूमधल्या वेल्माची मोठ्यांसाठी काढलेली सिरीज. यातल्या बऱ्याच सिरीजना एक सवय लागलीय. पात्रांना आपण कार्टूनमध्ये आहोत हे माहीत असतं, ती तसं बोलूनही दाखवतात, आपल्याच जुन्या सिरीजची टिंगल करतात, आणि जरा कुठं प्रसंग भरून यायला लागला की कुणीतरी मध्येच बोलतं की किती फिल्मी झालं हे.

वेल्माचं उदाहरण घ्या. पहिल्या भागाची सुरुवातच मुलींच्या शॉवरमध्ये होते, आणि त्या मुली आपसात काय बोलतात तर सिरीजच्या पहिल्या भागात उगाचच नग्नता कशी जास्त घालतात! म्हणजे जे चुकीचं आहे ते आधी करायचं आणि मग आम्हाला माहितीय हे चुकीचं आहे असं म्हणून मोकळं व्हायचं. माहीत होतं तर केलं कशाला? चूक बोलून दाखवली म्हणून ती सुटत नाही हो, उलट आता प्रेक्षकाला तक्रार करायचीही सोय राहिली नाही, कारण तक्रार तर त्यांनीच आधी करून टाकलीय.

आता मी विनोदाच्या विरोधात नाहीये, आणि पात्रांनी प्रेक्षकांशी बोलण्याच्या तर अजिबात नाही. आपण सांगलीत बसलोय मंडळी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात सीता स्वयंवर केलं, आणि त्या नाटकांची रीत काय होती, तर सूत्रधार मंगलाचरण म्हणतोय, तेवढ्यात विदूषक नाचत येतो, सूत्रधाराला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडतो, लोक हसतात, मग गणपती येतो, सरस्वती येते आणि आख्यान सुरू होतं. तमाशात बघा, गण, गवळण, बतावणी आणि मग वग. गवळणीतली मावशी गावातल्या पुढाऱ्यापासून कालच्या बातमीपर्यंत कुणालाही सोडत नाही. ज्या जिल्ह्यात कवलापूरच्या काळू-बाळूंनी लोकांना पोट धरून हसवलं तिथं उभं राहून मी विनोदाला नावं कशी ठेवीन! पण विदूषकानं कितीही भंडावलं तरी सीतेचं लग्न ही टिंगल होत नाही, धनुष्य मोडायच्या क्षणाला कुणी हे काय लाकडी धनुष्य आहे असं ओरडत नाही. खेळ मांडणाऱ्याचा आपल्या आख्यानावर विश्वास असतो. तो विश्वासच या नव्या सिरीजमधून निघून गेलाय असं माझं म्हणणं आहे.

कार्टूनमध्ये सुद्धा हे जुनं आहे. चक जोन्स या अमेरिकन कार्टून दिग्दर्शकाचं 1953 चं डक अमक नावाचं छोटं कार्टून आहे, यूट्यूबवर त्याचे तुकडे मिळतील. डॅफी डक नावाचं बदक तलवार घेऊन मोठ्या रुबाबात येतो आणि मागचं चित्रच संपतं, कोरा कागद. तो शेतकरी होऊन येतो तर मागं बर्फ, बर्फाचे कपडे घालून येतो तर मागं हवाई बेट, चित्र काढणारा त्याला रंगवतो, पुसतो, त्याचा आवाजच काढून घेतो. सगळं कार्टून म्हणजे कार्टूनचीच मस्करी आहे, पण ती जमते कशामुळं, तर डॅफीला खरंच काम करायचंय! तो चिडतो, रडकुंडीला येतो, तडजोड करतो, परत उभा राहतो. त्याला फरक पडतो म्हणून आपल्याला हसू येतं. ज्या पात्राला कशाचाच फरक पडत नाही त्याच्या फजितीला कोण हसणार?

आता टीन टायटन्सकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटतं. जुनी सिरीज 2003 ते 2006, पाच सुपरहिरो पोरांची टीम, आणि त्यांच्या मागं हात धुऊन लागलेला स्लेड नावाचा शत्रू, त्याचं भय खरं होतं. नव्या सिरीजमध्ये स्लेड परत येणार असा एक भाग आहे. टीम लढायला जाते, आणि लगेच परत येते, आणि सांगते की काय जबरदस्त लढाई झाली, आयुष्यातली बेस्ट! आपल्याला दाखवतच नाहीत. पुढचा सगळा भाग एका जोकरवर आहे, यांना लहानपणी आवडलेला जोकर आता बाळबोध वाटतो म्हणून हे त्याला बदलायला जातात. टोमणा कुणाला आहे हे कळतंच, जुनी सिरीज परत द्या म्हणणाऱ्या मोठ्या झालेल्या फॅन्सना. लहानांची गोष्ट लहानांचीच राहू द्या असा त्यांचा मुद्दा, आणि मुद्दा चुकीचा नाही. पण मग मला सांगा हा विनोद आठ वर्षांच्या पोराला कसा कळणार? त्यानं 2003 ची सिरीज बघितलेलीच नाही, तक्रारी वाचलेल्या नाहीत, त्याच्या दृष्टीनं फक्त लढाई गायब आहे. लहानांची बाजू घेतोय म्हणत मोठ्यांशीच भांडण चाललंय, आणि पोराच्या वाट्याची गोष्ट त्या भांडणात गेली.

हे का होतं? एक तर भीती. नवीन सिरीजचं नुसतं चित्र बाहेर पडलं तरी ऑनलाइन टिंगल सुरू होते, थंडरकॅट्स रोअरचं 2018 मध्ये तेच झालं, मग बनवणाऱ्याला वाटतं आपणच आधी हसून घ्यावं. आणि दुसरं कारण फार कुणी बोलत नाही, ते म्हणजे लांबी. जुने भाग बावीसेक मिनिटांचे असायचे, टीन टायटन्स गो आणि थंडरकॅट्स रोअर अकराच्या आसपास. अकरा मिनिटांचे भाग चॅनलला कुठंही, कितीही वेळा, कुठल्याही क्रमानं लावता येतात, पण मग कालच्या भागातलं दुःख आजच्या भागात चालत नाही, सगळं रोज पुसून कोरं, आणि दुःख साठवताच येत नसेल तर लेखकाच्या हातात टोमणा तेवढा उरतो.

उलटं करून दाखवलेलंही आहे, पण आधी लाजेचा नमुना बघा. 2000 च्या एक्स-मेन या सुपरहिरोंच्या सिनेमात वुल्व्हरिन नावाचा हिरो काळ्या लेदरच्या ड्रेसवर कुरकुर करतो तर त्याचा साथीदार सायक्लॉप्स त्याला विचारतो, मग काय पिवळा स्पॅन्डेक्स, म्हणजे अंगाला चिकटणारा ड्रेस, हवा होता का. मूळ कॉमिकमधल्या पिवळ्या ड्रेसची लाज वाटली आणि ती विनोद करून झाकली. आणि 2024 मध्ये एक्स-मेन नाइन्टीसेव्हन ही नव्वदच्या दशकातल्या कार्टूनची पुढची सिरीज आली, तिच्यात तोच पिवळा ड्रेस, तीच ट्यून, तेच जड जड डायलॉग, आणि कुणी माफी मागत नाही. पाचव्या भागात जेनोशा हे म्युटंट लोकांचं, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती असलेल्यांचं, बेट उद्ध्वस्त होतं, टीममधला गॅम्बिट इतरांसाठी जीव देतो, आणि तिथं एकही पात्र वातावरण हलकं करायला पुढं येत नाही. मोठमोठी माणसं तो भाग बघून सुन्न झाली. ड्रेस पिवळाच होता!

आणि डकटेल्स. रविवारी दूरदर्शनवर हिंदीत बघितलेलं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. 2017 च्या डकटेल्समध्ये विनोद भरपूर आहेत, जुन्याची आठवण काढून केलेलेही आहेत. पण पहिल्या सीझनच्या शेवटाकडं एक भाग आहे, विमान कड्याच्या टोकावर अडकलंय, जरा कुणी हललं की खाली, म्हणजे सरळसरळ विनोदी प्रसंग, आणि त्याच विमानात तिन्ही पोरांना आपल्या आईचं काय झालं ते कळतं. पोरांच्या म्हाताऱ्या, श्रीमंत स्क्रूजकाकांनी बांधलेलं रॉकेट घेऊन ती अवकाशात गेली आणि परत आलीच नाही. पोरं चिडतात, तोंडाला येईल ते बोलतात, म्हातारा पण उलटून बोलतो, आणि शेवटी सगळे त्याला सोडून निघून जातात. विमान तेच, कडा तोच, पण विनोद थांबलेला आहे. लेखकांना थांबायचं कुठं हे कळत होतं.

आता प्रश्न घेऊया. आधीच एका ताईंची चिठ्ठी आलीय की सहा वर्षांच्या मुलाला यातलं काय दाखवू. एक्स-मेन एवढ्यात नको, वेल्मा तर नकोच. डकटेल्स दाखवा, पण मधूनच कुठला तरी भाग लावू नका, पहिल्यापासून क्रमानं दाखवा, आणि तो विमानाचा भाग येईल तेव्हा शेजारी बसा, कारण तो आईबद्दल विचारणार.