चिंचेचं आम्ल आणि उजवा-डावा रेणू

श्रोतेहो, नमस्कार.

घरात बाळंतशेप असेल तर चिमूटभर तळहातावर चुरडा आणि वास घ्या. मग स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याची दोन पानं चुरडा. वास किती वेगळे! पण दोन्हींतला मुख्य सुगंधी पदार्थ एकच, कार्व्होन. अणू तेच, तितकेच, जोडलेलेही त्याच क्रमाने. फक्त एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे, डाव्या-उजव्या चपलेसारखं. नाकाला हा फरक लगेच कळतो.

शरीरालाही कळतो. सर्दीसाठी आपण सेट्रिझिन घेतो, 10 मिलिग्रॅमची गोळी. तिच्यात दोन्ही हातांचे, म्हणजे डावे आणि उजवे, रेणू निम्मे-निम्मे असतात. उपयोगाचा तेवढा वेगळा काढला की ती लिव्होसेट्रिझिन, आणि मग 5 मिलिग्रॅमवर भागतं.

साध्या रीतीने रेणू घडवला तर दोन्ही हात सारखेच तयार होतात. हवा तोच हात घडवायचा, याला असममित संश्लेषण म्हणतात. यातल्या उत्प्रेरकांच्या, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवणाऱ्या पदार्थांच्या, कामासाठी 2001 चं रसायनशास्त्राचं नोबेल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. नोल्स यांच्या पद्धतीने पार्किन्सनवरचं एल-डोपा कारखान्यात बनू लागलं. मी आज बोलणार आहे बॅरी शार्पलेस यांच्या कामावर, कारण त्याच्या मुळाशी जे आम्ल आहे ते आपल्या आमटीत रोज पडतं.

चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. तेच आम्ल पंढरपूरकडच्या बागांतल्या द्राक्षांत असतं, आणि झाड ते एकाच हाताचं बनवतं. 1848 मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने प्रयोगशाळेतल्या दोन्ही हातांच्या टार्टरेटचे, म्हणजे या आम्लाच्या क्षाराचे, स्फटिक भिंगाखाली धरले आणि चिमट्याने एकेक निवडून दोन ढीग केले. तांदूळ निवडावेत तसे!

शार्पलेस आणि कात्सुकी यांनी 1980 मध्ये टायटॅनियमच्या संयुगाला याच आम्लाचं एस्टर, म्हणजे अल्कोहोलशी जोडून केलेलं टार्टरेट, जोडलं. टायटॅनियम अल्कोहोलचा रेणू आणि ऑक्सिजन देणारा पदार्थ दोन्ही धरून ठेवतं, आणि टार्टरेट एक बाजू अडवतं. ऑक्सिजनला दुसऱ्याच बाजूने चढावं लागतं. उलट्या हाताचं टार्टरेट घेतलं की ऑक्सिजन उलट्या बाजूला बसतो. कोणता हात हवा ते आपण आधीच ठरवायचं. एवढं सोपं आणि एवढं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

संशोधकाचं काम आपण शोधनिबंधांच्या संख्येवर मोजतो, आणि मला ते पटत नाही. या विषयातला निबंध उघडला की आत एक तक्ता असतो. द्रावक, तापमान, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात एक टक्केवारी, हव्या हाताचं आधिक्य. शंभरात 95 रेणू हव्या हाताचे आणि 5 नको त्या हाताचे, तर आधिक्य 95 वजा 5, म्हणजे 90. तो आकडा 70 वरून 90 वर न्यायला कितीतरी रात्री जातात. शार्पलेस यांच्या क्रियेत तापमान अनेकदा उणे 20 अंशांवर ठेवावं लागतं, आणि ओलावा तिचा वैरी. सुरुवातीला टायटॅनियमही भरपूर लागे. 1986 मध्ये भांड्यात ओलावा शोषणाऱ्या झिओलाइटची, म्हणजे रेणूचाळणीची भर पडली आणि शंभर रेणूंमागे पाच-दहा उत्प्रेरक पुरू लागले. आज ॲसिडिटीवरची एसोमेप्राझोल बनवताना याच टायटॅनियम-टार्टरेट जोडीचा बदललेला प्रकार वापरतात. शार्पलेस यांना 2022 मध्ये दुसरं नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचंच, पण वेगळ्या कामासाठी.

एक गोष्ट मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगते. 1970 मध्ये प्रयोगशाळेत काचेची नळी फुटून शार्पलेस यांचा एक डोळा गेला. त्या क्षणी चष्मा लावलेला नव्हता. मुलांनो, ऐकताय ना? प्रयोग संपला तरी शेजाऱ्याचा चालू असतो. चष्मा काढू नका.

आमच्या सोलापूरच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापी आहे. एका हाताचे रेणू ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची पातळी कोणत्या बाजूला आणि किती फिरवतात, ते त्यावर मोजता येतं. सोडियमचा पिवळा दिवा लावायचा, नळीत टार्टारिक आम्लाचं पाणी भरायचं आणि डोळा लावायचा. वर्तुळाचे दोन भाग, एक उजळ, एक काळपट. चकती हळूहळू फिरवायची, दोन्ही भाग सारखे दिसेपर्यंत. चिंचेतल्या आम्लासाठी ती उजवीकडे फिरवावी लागते. पहिल्यांदा पाहणारी मुलगी बहुतेक वेळा डोळा काढून नळीकडे बघते, आणि पुन्हा डोळा लावते.